कमानीआधी कोन

चिनाब पुलाचं उद्घाटन ६ जून २०२५ रोजी झालं आणि आयफेल टॉवरपेक्षा तो किती उंच, हे आता शाळकरी पोरंही सांगतील. ४६७ मीटरची पोलादी कमान, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंची, काम आपल्या कोकण रेल्वेकडे. बातम्यांत क्रेन आल्या, वारा आला, भूकंपही आला. पण दोन काठांवरून निघालेल्या दोन अर्धकमानी दरीच्या मधोमध नेमक्या भेटल्या कशा, हे कुणी विचारलं नाही.

हे कोडं जुनं आहे आणि ते समजून घ्यायला सिडनी बरी. तिथल्या हार्बर ब्रिजची ५०३ मीटरची कमान अशीच दोन्हीकडून पुढे सरकली. खाली वाहतं बंदर, त्यामुळे पाण्यात आधार उभारायची सोय नाही. प्रत्येक अर्धकमान १२८ पोलादी दोरांनी मागच्या खडकात जखडलेली. हवेत लोंबणारं टोक कागदावरच्या जागी आहे की नाही, याचा निवाडा तिपाईवरच्या थिओडोलाइटकडे.

यंत्र तसं साधंच. एक दुर्बीण, कोन वाचायला एक आडवी आणि एक उभी तबकडी, सोबत पाणसळ आणि ओळंबा. पाण्यावरून टेप ताणता येत नाही. म्हणून काठावर एक रेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून पलीकडच्या खुणेचे कोन घ्यायचे. उरलेलं अंतर त्रिकोणमिती काढून देते.

खरी गंमत बारकाव्यात आहे. ५०० मीटरवर कोनात एका मिनिटाची चूक झाली, तर जागा साडेचौदा सेंटिमीटरने चुकते. एका सेकंदाची झाली, तर सुमारे अडीच मिलिमीटरने. म्हणून एका वाचनावर कुणी विसंबत नाही. दुर्बीण उलटवून, यंत्र फिरवून तोच कोन पुन्हा घेतात. यंत्रातला दोष एकदा अधिक, एकदा उणा पडतो आणि सरासरीत बराचसा कटतो. आपल्यात खोट आहे हे गृहीत धरूनच वापरायचं यंत्र! हा प्रामाणिकपणा मला त्याच्या भिंगांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्यात पोलाद स्वस्थ बसत नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की पाचशे मीटरची लांबी सहा सेंटिमीटरने वाढते. सकाळी घेतलेलं माप दुपारी खोटं ठरतं, त्यामुळे आकड्याशेजारी वेळ आणि तापमान नसेल तर तो आकडा कुचकामी.

७ ऑगस्ट १९३० रोजी सिडनीत दोर सैल करायला सुरुवात झाली, तेव्हा मधली फट जेमतेम मीटरभर होती. उन्हात ती आक्रसायची, गारव्यात रुंदावायची. १९ ऑगस्टला टोकं टेकली, पोलाद निवल्यावर पुन्हा विलग झाली आणि त्याच रात्री कायमची जुळली. दुसऱ्या सकाळी क्रेनवर झेंडे फडकले. पुढे पुलाचा आराखडा अभियंते जॉन ब्रॅडफील्ड यांचा की राल्फ फ्रीमन यांचा, यावर मोठा वाद रंगला. मोजणीच्या श्रेयासाठी मात्र असं कुणी भांडलं नाही.

आज थिओडोलाइटची जागा टोटल स्टेशनने घेतली आहे. त्याच्या पोटात थिओडोलाइटच आहे, जोडीला अंतर मोजणारा किरण आणि आकडे साठवणारा संगणक. काम झटपट होतं, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण पडद्यावर आकडा उमटला की तो खरा मानायची सवयही त्याच्यासोबत आली. ऊन, वारा आणि माणसाचा हात त्या पडद्यावर दिसत नाहीत.

म्हणून पॉलिटेक्निकच्या मास्तरांना एक विनंती. कपाटातले जुने थिओडोलाइट भंगारात काढू नका. एकच कोन सकाळी आणि भर दुपारी, दुर्बीण सुलट आणि उलट करून, प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोजून घ्या. चार उत्तरं चार निघतील. ती तशी का निघाली, हे सांगता येईल त्यालाच पुढे पुलावर पाठवा.