न विकल्या गेलेल्या पिल्लांचे काय होते?

गेल्या पावसाळ्यात बेळगाव–वेंगुर्ले रस्त्यावरील एका फाट्यावर आम्ही चंदगडला येण्यासाठी एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. शेडच्या कडेला बिस्किटांचे एक भिजलेले खोके पडले होते. त्यात कुत्र्याची चार पिल्ले होती. दोन गारठून मेली होती, दोन कुईकुई करीत होती. लांब कान आणि दाट केस पाहता ती गावठी वाटत नव्हती. चारही माद्या होत्या. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "गिऱ्हाईक मिळालं नसंल, टाकली आणून." त्यांचे हे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. त्यानंतर आम्ही जे वाचले आणि जाणत्या लोकांकडून समजून घेतले, ते संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

पिल्लू मागे का राहते?

कुत्री सुमारे नऊ आठवडे गाभण राहते आणि साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. लॅब्रॅडोरसारख्या मोठ्या जातीत एका वेताला सहा-आठ पिल्ले होणे नेहमीचे आहे. गिऱ्हाईक मात्र मोजून-मापून येते. त्याला ठराविक रंग हवा असतो, बहुधा नर हवा असतो, आणि पिल्लू लहान, गोंडस हवे असते. म्हणून विक्रीचा खरा काळ जन्मानंतर दीड-दोन महिन्यांचाच असतो.

याच काळात पिल्लाचा खर्चही वाढतो. आईचे दूध सुटते, खुराक लागतो, जंताचे औषध द्यावे लागते, पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांच्या लसी टोचाव्या लागतात. पार्व्होची एकदा लागण झाली की रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत दगावू शकते. एक आजारी पडले तर सगळे वेत धोक्यात येते.

शिवाय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ पिल्लाने माणसांची ओळख करून घेण्याचा असतो. तो पिंजऱ्यात गेला तर पिल्लू भित्रे होते किंवा अंगावर येते. म्हणजे जे आज विकले गेले नाही, ते उद्या विकले जाणे अधिकच कठीण होते. त्यात मादी असेल, रंग मनासारखा नसेल, टाळू फाटलेली असेल किंवा कान बहिरे असतील, तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

पुढे काय होते?

सर्वच पैदास करणारे निर्दय असतात असे आम्ही म्हणत नाही. कित्येक जण उरलेली पिल्ले कमी किमतीत देतात, नातलगांना फुकट देतात, किंवा स्वतः सांभाळतात. परंतु धंदा नफ्यावरच चालवायचा म्हटले की इतर वाटा सुरू होतात. काही पिल्ले दलालामार्फत शहरातील बाजारात जातात. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट पशुपक्ष्यांच्या विक्रीसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. काही माद्या पैदाशीसाठीच ठेवल्या जातात आणि वेतामागून वेत देत त्यांचे आयुष्य संपते. काही पिल्ले मारली जातात. आणि काही रस्त्यावर, देवळापाशी, हॉटेलाच्या मागे किंवा घाटात सोडली जातात.

आपल्या चंदगड तालुक्याचा पाऊस सर्वांना माहीत आहे. महिन्या-दोन महिन्यांचे पिल्लू अशा पावसात एक रात्रही काढू शकत नाही. जंगलालगत सोडलेले पिल्लू बिबट्याच्या तोंडी जाते आणि बिबट्याला वस्तीची वाट सापडते. जे जगते ते मोकाट कुत्र्यांत मिसळते. पुढे त्याच्या चाव्याची, रेबीजची भीती आपल्याच मुलांना वाटत राहते.

मागणी कोण निर्माण करतो?

२००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग कुत्रा झळकला आणि गावोगावी लोक पग मागू लागले. मागणी वाढली की पैदास वाढते, आणि हौस ओसरली की तीच कुत्री रस्त्यावर येतात. तेव्हा दोष केवळ विकणाऱ्याचा नाही. रंग आणि लिंग पाहून निवडणारा विकत घेणाराही त्यात भागीदार आहे.

खेड्यात तर पैशाचा व्यवहार नसतानाही हेच घडते. राखणीला कुत्रा हवा, पण कुत्री नको. "दरवर्षी पिल्लं कोण सांभाळणार?" हा प्रश्न खोटा नाही. पण नसबंदीच्या एका शस्त्रक्रियेने तो कायमचा सुटतो. राखण मादीही तितकीच चोख करते.

कायदा काय सांगतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने दंड ठरवला तो १० ते ५० रुपयांचा! २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. एका मादीकडून आयुष्यात पाचांपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. किती पिल्ले विकली, किती दिली याचा वार्षिक अहवालही द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाकडून किंवा दुकानातून विकण्यास बंदी आहे. ते थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा प्राणी-आश्रयगृहातूनच घ्यावे लागते.

परंतु घरच्या घरी चालणाऱ्या पैदाशीपर्यंत कायदा सहसा पोहोचत नाही. तेथे माणसाचे मनच पोहोचले पाहिजे.

धम्माच्या दृष्टीने

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा व विषाचा. सजीवांचा व्यापार म्हणजे माणसांची विक्री, असा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. तरी मूळचा 'सत्त' हा शब्द प्राणिमात्राला लागू पडतो, हे विसरता येणार नाही.

कुक्कुर जातकातील कथाही येथे आठवते. वाराणसीच्या राजाच्या रथाचे कातडी सामान रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने दिसेल ते कुत्रे मारण्याची आज्ञा दिली, फक्त राजवाड्यातील जातिवंत कुत्री वगळली. स्मशानातील कुत्र्यांचा नायक असलेल्या बोधिसत्त्वाने राजासमोर जाऊन न्याय मागितला. ताकात दर्भ कालवून वाड्यातील कुत्र्यांना पाजले, तेव्हा त्यांच्याच पोटातून कातडे बाहेर पडले. जातीच्या बळावर सुटणारा अपराधी आणि तिच्यापायी शिक्षा भोगणारा निरपराध, ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मग दारात कुत्रे आणताना 'जातिवंत आहे का?' हा प्रश्न आपल्या तोंडी का यावा?

आपण काय करू शकतो?

कुत्रे हवे असेल तर विकत घेऊ नये. टाकलेले किंवा गावातले पिल्लू आणावे. मादी म्हणून नाकारू नये. वय तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी आणि नसबंदीबद्दल पशुवैद्यकाकडे चौकशी करावी. संस्थेने वर्षातून एकदा लसीकरणाचे शिबिर घ्यावे, असे आम्ही सुचवितो. विद्यार्थी मित्रांनी गल्लीतील कुत्र्यांची नोंदवही ठेवली तरी शिबिराचे अर्धे काम होईल.

त्या खोक्यातील जिवंत दोन पिल्ले आम्ही घरी आणली होती. एक तिसऱ्या दिवशी गेले. दुसरी आज आमच्या दारात आहे. तिची नसबंदी झाली आहे, लस टोचली आहे. रात्री फाटकाशी कोणी आले की पहिला आवाज तिचाच येतो. तिला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. घर मात्र मिळाले.