हातमोज्यांची जोडी एक, दावेदार अनेक
विदर्भाच्या जितेश शर्माच्या निमित्ताने यष्टिरक्षक-फलंदाजाच्या कारकीर्दीचे गणित

भिवापूर (जि. नागपूर) : नागपूरहून उमरेडमार्गे सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या भिवापूरची ओळख तेथील मिरचीमुळे आहे. जिल्ह्याच्या टोकावरच्या अशा तालुक्यांत क्रिकेट आहे ते बहुतांशी टेनिस चेंडूचे. शेतीचा हंगाम आटोपला की मोकळ्या जागेवर सामने रंगतात. गोलंदाजी सर्वांनाच करायची असते, फलंदाजीसाठी तर भांडणे होतात. यष्टीमागे उभे राहण्याचे काम मात्र उरलेल्या कोणाच्या तरी वाट्याला येते. टेनिस चेंडूला हातमोजे लागत नाहीत. त्यामुळे यष्टिरक्षण हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, त्यावर आयुष्याची कारकीर्द उभी राहू शकते आणि ती अर्ध्यावर अडूही शकते, याची जाणीव फार उशिरा होते.

तालुक्यातील एखाद्या मुलाला ही वाट धरायची असेल तर त्याच्यासमोर विदर्भातीलच दोन उदाहरणे आहेत. एक अमरावतीचा जितेश शर्मा, दुसरा नागपूरचा अक्षय वाडकर. दोघेही यष्टिरक्षक-फलंदाज, दोघेही जवळपास एकाच वयाचे आणि अनेक वर्षे एकाच संघाचे. एकाने भारताची टोपी मिळविली, पण रणजी संघात त्याचे बस्तान कधी बसले नाही. दुसऱ्याने विदर्भाला रणजी करंडक मिळवून दिला, पण भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. या दोन कारकीर्दी शेजारी ठेवून पाहिल्या, तर यष्टिरक्षकाच्या जागेचे गणित बाकीच्या जागांपेक्षा किती वेगळे आहे, ते स्पष्ट होते.

एकच जागा

अकरा जणांच्या संघात पाच-सहा फलंदाज असतात, चार-पाच गोलंदाज असतात. चांगला फलंदाज तिसऱ्या क्रमांकावर बसत नसेल, तर पाचव्या क्रमांकावर बसविता येतो. तिसरा वेगवान गोलंदाज जायबंदी झाला, तर चौथ्याला संधी मिळते. यष्टिरक्षक मात्र एकच. पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक तंदुरुस्त आणि बऱ्या फॉर्मात असेल, तर दुसऱ्याने कितीही चांगली कामगिरी केली तरी त्याला पाणी देण्यासाठीच मैदानात जावे लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण महेंद्रसिंह धोनीच्या काळातले. दिनेश कार्तिकचे भारतीय संघातील पदार्पण २००४ मध्ये धोनीच्या आधी झाले होते. पार्थिव पटेल तर त्याच्याही आधी, २००२ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी कसोटी खेळला होता. तरीही धोनी स्थिरावल्यानंतर या दोघांची कसोटी कारकीर्द अनुक्रमे २६ आणि २५ सामन्यांवरच थांबली. दोघांच्याही गुणवत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. अडचण जागेची होती.

विदर्भाच्या क्रिकेटशी जवळचा संबंध असलेल्या एका नावाने हा अनुभव त्याहून बराच आधी घेतला होता. मुंबईचे चंद्रकांत पंडित हे यष्टिरक्षक-फलंदाज. त्यांच्या काळात भारतीय संघाचे हातमोजे प्रामुख्याने बडोद्याच्या किरण मोरे यांच्याकडे होते. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला पंडित यांनी कसोटी पदार्पण केले, ते केवळ फलंदाज म्हणून. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यातही यष्टीमागे मोरे होते आणि पंडित फलंदाज म्हणून खेळले. मोरे ४९ कसोटी खेळले. पंडित यांच्या वाट्याला पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. हेच पंडित पुढे विदर्भाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन मोसम रणजी करंडक जिंकला.

अमरावती ते वानखेडे

जितेशचा जन्म २२ ऑक्टोबर १९९३ चा, अमरावतीचा. व्यायाम आणि मैदानी खेळांची मोठी परंपरा सांगणारे हे शहर. पण विदर्भाच्या क्रिकेटचे केंद्र नागपूर. अकरा जिल्ह्यांतील खेळाडूंची निवड अखेर नागपुरात, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानांवर ठरते. त्यामुळे अमरावतीच्या मुलाला काय किंवा भिवापूरच्या मुलाला काय, घर सोडूनच पुढची पायरी चढावी लागते. लहानपणी जितेशचे स्वप्न सैन्यदलात जाण्याचे होते, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे.

विदर्भाकडून तो २०१४ मध्ये एकदिवसीय आणि २०१५ मध्ये प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागला. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली ट्वेन्टी-२० स्पर्धेत त्याने एका शतकासह ३४३ धावा काढल्या आणि सर्वाधिक धावा करणाऱ्यांत तिसरा क्रमांक मिळविला. त्या बळावर २०१६ च्या आयपीएलसाठी मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाख रुपयांत घेतले. संघात जॉस बटलर आणि पार्थिव पटेल हे दोन यष्टिरक्षक आधीच होते. दोन मोसम जितेश संघासोबत राहिला. एकही सामना खेळला नाही. २०१८ च्या लिलावात मुंबईने इशान किशनला विकत घेतले. हे नाव जितेशच्या वाटेत पुन्हा आडवे येणार होते.

दरम्यान विदर्भातही चित्र बदलले. २०१७-१८ च्या मोसमात अक्षय वाडकरने रणजी पदार्पण केले आणि इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात १३३ धावांची खेळी केली. त्याचे ते पहिलेच प्रथम श्रेणी शतक. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी पहिल्यांदा रणजी करंडक उंचावला आणि दीर्घ पल्ल्याच्या क्रिकेटमधील हातमोजे वाडकरकडे गेले ते गेलेच. जितेश २०१५ पासून प्रथम श्रेणी खेळाडू असला, तरी दहा वर्षांत त्याचे असे सामने वीसच्या आतच राहिले.

कौशल्याची निवड

येथून पुढे जितेशने जे केले, तो त्याच्या कारकीर्दीचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. झटपट क्रिकेटमध्ये बहुतेक यष्टिरक्षक सलामीला किंवा वरच्या फळीत खेळणे पसंत करतात. तेथे चेंडू अधिक मिळतात, धावा अधिक होतात आणि सरासरी चांगली दिसते. जितेशने पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन अखेरच्या षटकांत फटकेबाजी करण्याचे काम आपलेसे केले. या जागेवर कधी दहा चेंडू मिळतात, कधी वीस. अर्धशतके होत नाहीत, अपयश मात्र लगेच नजरेत भरते. त्यामुळेच हे काम मनापासून करणारे फलंदाज कमी, आणि त्यातही यष्टिरक्षण करणारे आणखी कमी.

२०२२ च्या लिलावात पंजाब किंग्जने त्याला २० लाखांत घेतले. पहिल्या खरेदीनंतर तब्बल सहा वर्षांनी, ३ एप्रिल २०२२ रोजी, ब्रेबॉर्न स्टेडियमवर चेन्नई सुपर किंग्जविरुद्ध त्याला पहिला आयपीएल सामना मिळाला. त्यात १७ चेंडूंत २६ धावा आणि तीन षटकार. त्याच सामन्यात लेग स्टंपबाहेरच्या चेंडूवर धोनीचा झेल त्याने टिपला. पंचांनी नाबाद ठरविल्यावर कर्णधाराला दाद मागण्याचा आग्रह जितेशनेच धरला आणि निर्णय बदलला. दाद मागण्याची पद्धत आल्यापासून यष्टिरक्षकाच्या कामात ही एक जबाबदारी वाढली आहे. चेंडूची रेषा आणि बॅटची कड त्याच्याइतक्या जवळून कोणालाच दिसत नाही.

त्या मोसमात १२ सामन्यांत २३४ धावा, दर शंभर चेंडूंमागे १६३.६४ या गतीने. पुढच्या वर्षी १४ सामन्यांत ३०९ धावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध त्याने भारताकडून पदार्पण केले आणि सुवर्णपदक विजेत्या संघाचा तो घटक ठरला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध रायपूरला त्याने १९ चेंडूंत ३५ धावा काढल्या. २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकासाठी त्याच्या नावाची चर्चा होती. मात्र त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये १४ सामन्यांत १८७ धावाच झाल्या. विश्वचषकाला ऋषभ पंत आणि संजू सॅमसन गेले.

लखनऊची रात्र

पंजाबने त्याला मुक्त केल्यानंतर नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने ११ कोटी रुपये मोजले. तेथे फलंदाजी प्रशिक्षक होता दिनेश कार्तिक, म्हणजे ज्याने धोनीच्या सावलीत अखेरच्या षटकांतील फलंदाजीवर स्वतःची दुसरी कारकीर्द उभी केली, तोच खेळाडू. यष्टिरक्षकाला हातमोज्यांपलीकडे काय लागते, हे सांगायला त्याच्याइतका अनुभवी माणूस मिळणे कठीण होते.

२७ मे २०२५ रोजी लखनऊला ऋषभ पंतच्या नाबाद ११८ धावांमुळे बंगळूरुसमोर २२८ धावांचे लक्ष्य होते. पहिल्या दोन क्रमांकांत राहण्यासाठी विजय आवश्यक होता. रजत पाटीदार प्रभावी खेळाडूच्या नियमाखाली केवळ फलंदाजीपुरता खेळत असल्याने नेतृत्व जितेशकडे होते. १२३ धावांवर विराट कोहलीच्या रूपाने चौथा बळी पडला. त्यानंतर जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा तडकावल्या. आठ चौकार, सहा षटकार. मयांक अग्रवालसह ४५ चेंडूंत १०७ धावांची अखंड भागीदारी झाली आणि आठ चेंडू राखून सामना जिंकला. ४९ वर असताना तो झेलबाद झाला होता, पण तो चेंडू नोबॉल ठरला. नशिबाचा हा वाटाही नोंदवायला हवा. सहाव्या किंवा त्याखालच्या क्रमांकावरून यशस्वी पाठलागात आयपीएलमध्ये तोपर्यंत झालेली ही सर्वांत मोठी खेळी होती. याआधीचा मान धोनीच्या नाबाद ७० धावांचा होता. सामन्यानंतर जितेशने कार्तिकच्या मार्गदर्शनाला श्रेय दिले.

३ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याच्या १० चेंडूंतील २४ धावा झाल्या आणि बंगळूरुने सहा धावांनी पहिले विजेतेपद मिळविले. पराभूत संघ होता पंजाब. संपूर्ण मोसमात जितेशच्या धावा २६१. आकडा लहान वाटेल, पण गती १७६.३५ ची होती. या जागेवरील फलंदाजाचे मोल धावांच्या बेरजेत नव्हे, गतीत मोजावे लागते.

समीकरण बदलले

या कामगिरीने भारतीय संघाचे दार पुन्हा उघडले. २०२५ च्या आशिया चषकासाठी तो संघात होता. नोव्हेंबरमध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३ चेंडूंत नाबाद २२ धावा करून त्याने विजय मिळवून दिला. शुभमन गिल सलामीला असल्याने सॅमसनची नेहमीची जागा गेली होती आणि खालच्या क्रमांकावर खेळू शकणारा यष्टिरक्षक संघाला हवा होता. डिसेंबरमधील दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मालिकेतही हातमोजे जितेशकडेच होते.

मात्र २० डिसेंबर २०२५ रोजी फेब्रुवारी-मार्च २०२६ मधील विश्वचषकासाठी संघ जाहीर झाला, तेव्हा गिललाच वगळण्यात आले. सॅमसन सलामीला परतला. यष्टिरक्षक वरच्या फळीतील हवा, असे ठरल्यावर त्याचा पर्यायही वरच्या फळीतील असणे ओघानेच आले. दोनच दिवसांपूर्वी झारखंडला मुश्ताक अली करंडक जिंकून देताना अंतिम सामन्यात शतक ठोकणारा इशान किशन संघात आला. जितेश बाहेर गेला. त्याने झेल सोडले नव्हते की सामना घालविला नव्हता. सलामीच्या जोडीत झालेल्या बदलाने सहाव्या क्रमांकावरच्या माणसाची जागा गेली.

त्याआधीच, २०२५-२६ च्या देशांतर्गत मोसमापूर्वी, त्याने विदर्भ सोडून बडोद्याची वाट धरली होती. विदर्भात वाडकरची जागा अढळ होती. वाडकरच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध अंतिम सामना गमावला. ५३८ धावांचा पाठलाग करताना कर्णधाराने १०२ धावा केल्या, तरी पराभव १६९ धावांनी झाला. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर त्याने करंडक परत आणला. असा कर्णधार आणि यष्टिरक्षक असताना दुसऱ्याला रणजीत हातमोजे मिळणे अवघडच होते.

धडा कोणता?

यष्टिरक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी या दोन कारकीर्दींचा अर्थ सरळ आहे. केवळ उत्तम यष्टिरक्षण पुरेसे नाही, ही गोष्ट गिलख्रिस्ट आणि धोनीच्या काळातच ठरून गेली. आता केवळ फलंदाजी येणेही पुरेसे नाही. कोणत्या क्रमांकाची, कोणत्या प्रकारच्या क्रिकेटची फलंदाजी, याचे उत्तर द्यावे लागते. वाडकरने दिवसभर खेळपट्टीवर उभे राहण्याचे उत्तर दिले, जितेशने दहा चेंडूंत सामना फिरविण्याचे. दोन्ही उत्तरे बरोबर होती. त्यांना मिळालेले मोल वेगवेगळे होते.

आणि उत्तर बरोबर असूनही जागा मिळेलच असे नाही, हे मान्य करण्याची तयारीही हवी. बटलर आणि पार्थिवच्या मागे दोन वर्षे बाकावर बसलेला जितेश तेव्हाच खचला असता, तर लखनऊची रात्र उगवली नसती. चंद्रकांत पंडित यांना भारतीय संघात जी जागा पुरेशी मिळाली नाही, तिची भरपाई त्यांनी प्रशिक्षक म्हणून विदर्भाचे दोन करंडक जिंकून केली. भिवापूरच्या मैदानावर टेनिस चेंडू अडविण्यासाठी नाइलाजाने यष्टीमागे उभ्या राहणाऱ्या मुलाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्या जागेवर उभे राहणाऱ्याला संपूर्ण मैदान समोर दिसते. मात्र तेथे पोहोचण्याची रांग लांब आहे आणि ती नेहमी क्रमाने पुढे सरकत नाही.