मंत्र लपतो, वस्तू लपत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा पुण्याहून नांदेडला आला की घर कसं भरून जातं! या वेळी तर सोबत चार मित्रही होते. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून ही पोरं सतरंजीवर गोल करून बसली. मध्ये कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे. माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, "काय रे, जुगार मांडलात की काय?"

"नाही गं आई, हे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची."

१९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ आता आपल्या पोरांपर्यंत पोचलाय. मी चिवड्याची परात घेऊन तिथंच टेकले. खेळात एक जादूगार राजाच्या दरबारात उभा होता आणि कुणाला कळू न देता त्याला मंत्र टाकायचा होता. त्यावरून पोरांचा वाद पेटला. नियम असा, की जादूला तीन गोष्टी लागतात : मंत्राचे शब्द, हातवारे आणि एखादी वस्तू. आगीचा गोळा फेकायचा तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक हवं! मला गंमत वाटली. वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा मिळतो. सोरा, गंधक आणि कोळसा म्हणजे जुन्या काळची बंदुकीची दारूच की!

मुलगा म्हणाला, "एक खास विद्या आहे. ती असली की शब्द आणि हातवारे गाळता येतात. पण आम्ही खेळतो त्या नियमांत वस्तू लागतेच, आई."

मी हसायलाच लागले. "अरे, हे तर आमचं गावोगावचं काम!"

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या निमित्तानं नांदेड-लातूर भागातली कितीतरी गावं मी पालथी घातली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांचे चमत्कारांचे प्रयोग पाहिले, काही शिकूनही घेतले. आणि एक गोष्ट पक्की समजली. मंत्र पुटपुटता येतो, हात शालीखाली झाकता येतो. पण वस्तूशिवाय चमत्कार होत नाही. ती कुठंतरी असतेच.

आपल्या स्वयंपाकघरातलंच बघा ना. हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की डाग लालभडक होतो. आपण म्हणतो का कुणी करणी केली म्हणून? साबण असो की खायचा चुना, त्याच्याशी गाठ पडली की हळद लाल होते. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीपासून असंच करायचे. आता हेच एखाद्या बुवानं केलं तर? तळहाताला चुन्याची निवळी लावून वाळवायची, भक्तिणीसमोर त्यावर हळदीचं पाणी शिंपडायचं आणि म्हणायचं, "बाई, तुझ्या घरावर रक्ताचं सावट आहे!" नांदेडच्या एका बचत गटात मी हा प्रयोग केला, तेव्हा एक आजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ह्याच्यापायी मी कोंबडा दिला गं माय!"

लिंबातून रक्त निघतं त्याचंही असंच. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवून ठेवलेल्या असतात. लिंबाचा आंबट रस लागला की पातं लाल. नारळातून केस, टाचण्या, काळी बाहुली निघते. पण नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो हे आपल्याला माहीत असतंच. तिथून आत काय घालायचं ते घालायचं, वरून शेंडी आणि कुंकवाचं बोट! हातातून विभूती काढणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात पेजेत भिजवून वाळवलेली राखेची गोळी असते. ती चुरडली की झाली विभूती.

आणि काडी न ओढता पेटणारा होम? राखेखाली पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे दाणे दडवलेले असतात आणि वरून 'तूप' म्हणून ग्लिसरीन सोडतात. लगेच काही होत नाही. थोडा वेळ जावा लागतो, मग धूर येतो आणि भडका उडतो. तो वेळ भरून काढायलाच मंत्र असतो! लोकांचे कान मंत्राकडे आणि डोळे बुवाच्या चेहऱ्याकडे लागलेले. राखेकडे कोण बघतो? (हा प्रयोग घरी अजिबात करू नका. हात-तोंड भाजतं.)

इथपर्यंत ऐकताना पोरं खूश होती. एकानं विचारलं, "काकू, म्हणजे वस्तू सापडली की खेळ संपला?"

मी गप्प झाले. कारण मला लातूर जिल्ह्यातलं एक घर आठवलं. तिथं वस्तू सापडली, पण तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

वीसएक वर्षं झाली असतील. त्या घरात भानामती सुरू होती. मराठवाड्यातल्या बायकांना हा शब्द समजावून सांगायला नको. अंगणात दगड पडायचे, कपडे आपोआप फाटायचे. सासूबाई रडत सांगत होत्या, "ताई, कुलपातल्या पेटीतल्या साड्यांवर बी फुल्या येऊ लाल्यात हो." धाकट्या सुनेच्या दंडावर तर काळ्या फुल्याच उमटलेल्या, भोवती फोड आलेले. गावातल्या जाणत्यानं शेजारच्या एका म्हाताऱ्या विधवेकडं बोट दाखवलं होतं. झालं! तिला हापशावर कुणी पाणी भरू देईना. लेकरं तिच्या दारावर दगड मारायची. एका रात्री चार माणसं काठ्या घेऊन तिच्या दारापर्यंत जाऊन आली होती. अजून दोन-चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

आम्ही समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर गेलो. त्यांची पद्धत ठरलेली होती. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं, निवांत बोलायचं. कुणावर आरोप करायचा नाही आणि काही कळलं तरी चारचौघांत नाव घ्यायचं नाही. दंडावरचे फोड बघूनच मला शंका आली होती. बिब्बा! आपल्याकडं गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात कसे होतात, ते मी बघितलेलं होतं. कपड्यावर त्याचा डाग पडला की जात नाही, म्हणून तर धोबी त्यानं खुणा करायचे.

दुपारी धाकट्या सुनेला घेऊन मी गोठ्यामागं बसले. आधी ती काहीच बोलेना. मग हळूच कडब्याच्या पेंढीत हात घालून तिनं एक चिंधी काढली. चिंधीत होते दोन बिब्बे आणि एक सुई.

लग्नाला तीन वर्षं झालेली. दहावीनंतर शिकायचं होतं, ते राहून गेलं. नवरा पुण्यात कामाला. दोन वर्षांत माहेरी पाठवलं नव्हतं, आईच्या आजारपणातसुद्धा नाही. ती म्हणाली, "ताई, माझं कुणी ऐकतच नव्हतं. फुल्या आल्या तवा सगळे माझ्याकडं बघायला लागले."

मी काय बोलणार? बुवाच्या हातातली वस्तू शोधून काढली की टाळ्या वाजतात. इथं माझ्या तळहातावर ती वस्तू होती आणि डोळ्यांत पाणी. बुवा पैशासाठी लपवतो. या पोरीला तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून तिनं स्वतःचं अंग पोळून घेतलं होतं. पण तिच्या त्या मुक्या आक्रोशाची किंमत शेजारची म्हातारी मोजत होती, हेही खरंच.

चिंधी मी पर्समध्ये टाकली. घरच्यांना एवढंच सांगितलं, "उद्यापासून काही होणार नाही. सुनेचे फोड डॉक्टरांना दाखवा आणि तिला महिनाभर माहेरी पाठवा." भानामती बंद झाली. सून पुढं नवऱ्याकडं पुण्याला गेली. सासूबाई म्हातारीकडं माफी मागायला गेल्या, आमच्या आग्रहानं का होईना. म्हातारीनं पाट दिला, पाणी दिलं; पण त्या घराचा उंबरा ती पुन्हा कधी चढली नाही.

तेव्हा हाताशी कायदा नव्हता. वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं मंजूर केला. त्याखालचा पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्या नांदेडातच नोंदवला गेला. कॅन्सर, एड्स चमत्कारानं बरा करतो म्हणणाऱ्यांवर. या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळलं, तर पोलिसांकडं जाता येतं. हे आपल्या गल्लीतल्या प्रत्येकीला सांगून ठेवा.

पण गोठ्यामागं बसून ऐकायला कायदा येत नाही. ते आपणच करायचं. घरातली लेक, सून, जाऊ अचानक घुमायला लागली, अंगावर खुणा दिसायला लागल्या, तर "कुणी केलं?" असं विचारू नका. "तुला काय होतंय?" असं विचारा. तेही एकटीला, शांतपणे. गरज वाटली तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या. १४४१६ या टेलि-मानसच्या फुकट नंबरवरही बोलता येतं.

रात्री पोरांचा खेळ पुन्हा रंगला. मी आवराआवर करत होते, तेवढ्यात मुलगा स्वयंपाकघरात आला. "आई, त्या काकूंची चिंधी अजून आहे तुझ्याकडं?"

"नाही रे. त्याच दिवशी येताना नदीत सोडली." जरा थांबून म्हटलं, "पण आता सुनेशी कुणी नीट बोलत नाही असं कुठं दिसलं, की मला ती आठवते."