कोपर्निकस मार्गावर अडलेला माहितीपट

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलींनी ९०० जणांचे प्राण घेतले. दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू आणि ५ इतर होते. उरलेल्या ४५ जणांची ओळखच पटली नाही. पोलिसांच्या गोळीबारात ३५६ जण गेले, भोसकून ३४७. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत सहा जणांना खोलीत कोंडून जाळण्यात आले. त्या प्रकरणी ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालील न्यायालयाने दोषी ठरवलेले आरोपी पुढे सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. मग ती आग कुणी लावली? या प्रश्नाचे उत्तर आजही न्यायालयाच्या कागदांत नाही.

ही राधाबाई चाळीपुरती गोष्ट नव्हती. दंगलीत नोंदलेल्या दोन हजारांहून अधिक गुन्ह्यांपैकी १३७१ गुन्हे पोलिसांनी ‘अ समरी’ करून बंद केले. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा त्या शेऱ्याचा अर्थ. माणूस मारला गेला हे मान्य करायचे आणि तपास मात्र थांबवायचा, अशी ही नोंद. मृताच्या घरच्यांसाठी याहून जिव्हारी लागणारे उत्तर नसेल.

आनंद पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ हा माहितीपट याच काळात आकाराला आला. दोन भागांचा, दोन तासांचा हा चित्रपट १९९५ चा. एखाद्या खुनामागचा हात शोधणे हे त्याचे काम नाही. त्याचा शोध आणखी मागे जातो: सामान्य पुरुषाच्या मनात हिंसेची ओढ येते कुठून, मर्दानगीची कल्पना, सती आणि धर्माचा अभिमान यांची सांगड कशी घातली जाते? पोलीस तपास जिथे संपतो, त्याच्या पलीकडचा आणि अधिक अवघड असा हा प्रश्न. १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधक माहितीपटाचा आणि सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्र सरकारने श्रीकृष्ण आयोग गुंडाळला. मे महिन्यात तो पुन्हा नेमावा लागला.

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर मंडी हाउसजवळ दूरदर्शनचे मुख्यालय आहे.  राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट दाखवायला दूरदर्शनने नकार दिला. चित्रपटातली हिंसा आणि भाषणे प्रेक्षकांवर वाईट परिणाम करतील, असा आक्षेप होता. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. दूरदर्शनने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २५ ऑगस्ट २००६ रोजी ते फेटाळले गेले. चित्रपटाचे तुकडे सुटे करून नव्हे, तर तो अखंड पाहून मत बनवावे आणि कसोटी सामान्य, समंजस प्रेक्षकाची असावी, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रक्षेपणाचा आदेश दिला.

या कसोटीची मुळे नागपुरात आहेत. शब्दांचा परिणाम धीट आणि विचारी माणसाच्या नजरेने जोखावा, दुबळ्या मनाच्या माणसाच्या नव्हे, असे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये म्हटले होते. फाळणीच्या दंगलींवरची गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही दूरदर्शनवरची मालिका बंद पाडण्याची मागणी १९८८ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तोच आधार घेतला. त्या वेळी दूरदर्शन दाखवणाऱ्याच्या बाजूला होते. पटवर्धनांच्या वेळी ते अडवणाऱ्याच्या बाजूला गेले. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने ही बाजू बदलायला नको होती.

मुंबईच्या दंगलपीडितांची न्यायालयीन लढाई मात्र फार लांबली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजय किशन कौल, अभय ओक आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने शांतता व सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडले, असा ठपका ठेवला. दंगलींतल्या १६८ बेपत्तांपैकी केवळ ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या कुटुंबांचा शोध घ्यावा आणि आरोपी फरार असल्याने सुप्त राहिलेले खटले पुन्हा हलवावेत, असे आदेश न्यायालयाने दिले व त्यांवर देखरेखीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.