दोन पेशींची गाठ घालून देणारे यंत्र

शरीरातील पेशी एकमेकींशी अखंड संवाद करीत असतात, हे शालेय पुस्तकातही लिहिलेले असते. परंतु कोणत्या पेशीने कोणत्या पेशीला, कोणत्या क्षणी, काय कळविले आणि त्या निरोपाचे पुढे फलित काय झाले, असा इसमवार तपशील कोणी मागू लागला, तर प्रयोगशाळांच्या दप्तरातून दीर्घकाळ फार थोडे हाती लागत असे. लाखो पेशी एका बशीत एकत्र वाढवाव्यात, त्यांवर एखादे द्रव्य सोडावे आणि सर्वांचा मिळून जो प्रतिसाद येईल तो मोजावा, असा रूढ शिरस्ता होता. गावाची एकूण जमाबंदी पाहून अमुक खातेदाराने सारा भरला की नाही हे जसे समजत नाही, तसे या सरासरीवरून एकट्या पेशीचे वर्तन समजत नाही.

सरासरी केवळ अपुरी असती तर एक वेळ चालले असते; ती दिशाभूलही करते. 2010 साली सवाश ताय, स्टीफन क्वेक आणि मार्कस कव्हर्ट या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदराच्या पेशींना, सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव खेळविणाऱ्या मायक्रोफ्लुइडिक चिपवर ठेवून, दाहाची सूचना देणारे टीएनएफ हे प्रथिन निरनिराळ्या मात्रांत दिले आणि प्रत्येक पेशीवर स्वतंत्र नजर ठेवली. मात्रा घटविली तसतशी प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संख्या घटत गेली. मात्र ज्या पेशींनी प्रतिसाद दिला, त्यांनी तो निःसंदिग्धपणे दिला, आणि मात्रेचा परिणाम त्या प्रतिसादाची तीव्रता, त्याला लागलेला वेळ व त्यानंतरची आंदोलने यांवर तेवढा दिसला. हेच मापन पेशींच्या समुदायावर केले असते, तर सर्वच पेशी थोड्याथोड्या मंदावल्या, असा निष्कर्ष निघाला असता आणि त्यावर कोणी शंकाही घेतली नसती.

अशा चिपचे शरीर साधे असते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेपाने नकाशा उमटवून उंचसखल साचा तयार करतात. त्यावर पीडीएमएस नावाचे सिलिकोन रबर द्रवरूपात ओतून भट्टीत घट्ट करतात, सोलून काढतात आणि ऑक्सिजनच्या प्लाझ्माने दोन्ही पृष्ठभाग सिद्ध करून काचेवर कायमचे चिकटवितात. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 1998 साली ही पद्धत इतकी सुलभ करून दाखविली की, अर्धवाहकांचे महागडे कारखाने ज्यांच्या दारी नव्हते, त्या जीवशास्त्रज्ञांनाही स्वतःचे उपकरण स्वतः घडविता येऊ लागले. हे रबर पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाला आडकाठी होत नाही, आणि त्यातून वायू पार होत असल्याने आतील पेशींचा श्वास कोंडत नाही.

काही दशांश मिलिमीटरहूनही अरुंद अशा या वाहिन्यांत पाण्याचा स्वभाव पालटतो. तेथे भोवरे उठत नाहीत. शेजारी वाहणारे दोन प्रवाह एकमेकांत न मिसळता समांतर जातात, आणि त्यांच्यातील देवघेव केवळ विसरणाने होते. विसरणाचा हिशेब अंतराच्या वर्गाने चालतो, म्हणून एखादे मध्यम आकाराचे प्रथिन दहा मायक्रॉनचे, म्हणजे साधारण एका पेशीच्या रुंदीचे, अंतर सेकंदाच्या आत काटते, पण एक मिलिमीटर जाण्यास त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. पेशी परस्परांच्या निकट का बोलतात, हे या एका हिशेबावरून ध्यानात यावे.

या उपकरणांपैकी मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते एमआयटीच्या जोएल व्होल्डमन यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, पेशींच्या जोड्या जुळविणारे उपकरण. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या रूपात पीडीएमएसच्या हजारो सूक्ष्म खोबणी रांगांनी मांडलेल्या होत्या. प्रत्येक खोबणीला एका बाजूस एकच पेशी मावेल अशी लहान जागा आणि दुसऱ्या बाजूस दोन पेशींची मोठी जागा. प्रथम एका जातीच्या पेशी प्रवाहाबरोबर लहान जागांत एकेक करून बसवाव्यात. मग प्रवाहाची दिशा उलटवावी, म्हणजे त्या पेशी तेथून सुटून समोरच्या मोठ्या जागांत जाऊन स्थिरावतात. आणि त्यानंतर त्याच दिशेने दुसऱ्या जातीच्या पेशी सोडाव्यात, म्हणजे त्यांतील एकेक पहिलीच्या शेजारी येऊन टेकते. प्रवाह उलटा फिरविण्याखेरीज यात दुसरी कोणतीही युक्ती नाही. तरीही योग्य जोड्यांचे प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्या वेळी हेतू मूलपेशींचा अन्य पेशींशी संयोग घडविण्याचा होता.

पुढे बुराक दुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रचना रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासासाठी वापरली, आणि तिची खरी योग्यता तेव्हा प्रकटली असे मी मानतो. बशीत दोन जातींच्या पेशी एकत्र टाकल्या तर कोणाची भेट केव्हा झाली याची नोंद राहत नाही. कोणी आधी भेटतात, कोणी नंतर, कोणी भेटतच नाहीत. खोबणीत मात्र जोडीदार कोण हे ठरलेले असते, आणि स्पर्श केव्हा झाला तेही. 2015 साली टी-पेशींच्या शेकडो जोड्यांतील कॅल्शियमचे चढउतार असे स्पर्शाच्या क्षणापासून टिपण्यात आले, आणि पेशीचा ग्राहक रेणू आपल्या लक्ष्याला किती दृढपणे धरतो यावर त्या प्रतिसादाचे रूप कसे अवलंबून असते, ते पेशीगणिक तपासता आले.

उपकरणाच्या मर्यादाही गंभीर आहेत. पीडीएमएस हे तेलकट स्वभावाचे लहान रेणू शोषून घेते. तेव्हा ज्या संदेशांचे वाहक असे रेणू असतात, तेथे पेशीपर्यंत पोहोचलेली मात्रा आणि नळीत सोडलेली मात्रा एकच, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय देहातील पेशीला अनेक शेजारी असतात, तिच्याभोवती ऊतींची चौकट असते. खोबणीतील जोडी त्या सर्वांपासून तोडलेली असते. म्हणून चिपवरील साक्ष देहाबद्दलचा अंतिम निवाडा म्हणून स्वीकारणे मला अनुचित वाटते.

त्या साक्षीचे मोल मात्र याने उणावत नाही. 2016 साली त्याच गटाने ‘नॅचरल किलर’ पेशी आणि कर्कपेशी यांच्या जोड्या लावून, प्रथम आरंभीचा कॅल्शियमचा संकेत मोजला, जोड्या चिपवरच जतन केल्या, आणि नंतर त्याच पेशीने कर्कपेशीला मारले काय व इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन निर्माण केले काय, हेही पाहिले. आरंभीच्या संकेताची तीव्रता ही दोन्ही कृत्ये ठरविण्यात सहभागी असावी, असे त्यांच्या नोंदींवरून सूचित होते. आणि हवी ती जोडी चिपवरून अलगद उचलून बाहेर पुढील परीक्षणासाठी नेण्याची सोयही त्यांनी करून ठेवली आहे.