पालकांच्या सहीत अडकलेली चाचणी

२०२३च्या राष्ट्रीय अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२० टक्के. आकडा दिलाशाचा खरा, पण पंधरा वर्षांची मुलगी आणि पंचेचाळिशीचा गृहस्थ त्यात एकाच सरासरीत बसतात. धोका मात्र सारखा नसतो: कुमारवयात गर्भाशयमुखाचे आवरण पुरते परिपक्व झालेले नसते. अंगावर काढलेला गुप्तरोग विषाणूला वाट करून देतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि नेमका तेव्हाच संशय कुणालाच नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत एचआयव्हीची सर्वंकष माहिती सुमारे २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांनाच होती. २००७ साली शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता, हे इथे नोंदवायलाच हवे.

अज्ञानाहून मोठी अडचण मात्र सहीची आहे. एचआयव्हीची चाचणी मोफत, निकाल गोपनीय. तरी अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागते. ज्या गोष्टीची घरात वाच्यता करायची सोय नाही, तिच्यासाठी वडिलांची सही कोणता मुलगा मागेल? तो अठराव्या वर्षाची वाट पाहतो, विषाणू पाहत नाही. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आमची, हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. पण चाचणीच झाली नाही, तर ती जबाबदारी पार पाडायची कशी? मोकळीक दिली की मुले बहकतील, ही भीती मात्र पुराव्यावर टिकत नाही. लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असेच युनेस्कोने घेतलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात दिसते. दक्षिण आफ्रिकेत तर बाराव्या वर्षापासून मूल चाचणीला स्वतः संमती देऊ शकते. खरा पेच पोक्सोचा, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा. अठराच्या आतला संबंध राजीखुशीचा असला तरी गुन्हा, आणि तो कळवणे बंधनकारक. मग समुपदेशकापुढे कोण मोकळेपणाने बोलेल? अत्याचाराची तक्रार झालीच पाहिजे, त्यात तडजोड नको. समवयस्कांच्या संबंधांचा विचार मात्र कायद्याने वेगळा करायला हवा.

भारतात २००४पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. नियमित घेतल्यास विषाणू इतका दबतो की जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागणही होत नाही. तेव्हा पंधरा ते सतरा वयोगटाला समुपदेशकाच्या साक्षीने स्वतःच्या सहीवर चाचणी करू द्यावी. तोवर मनातली शंका विचारायला १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. घरातल्या मुलांना हा क्रमांक आजच सांगा.