प्रत्येक मुकणे राजघराण्यातला नसतो

मुकणे आडनाव कानावर पडलं की जव्हारबाहेरचा माणूस हमखास विचारतो, "राजघराण्यातले का?" जव्हार संस्थानच्या राजघराण्याचं आडनाव मुकणे, हे खरं. पण महादेव कोळ्यांत हे आडनाव इतरांचंही आहे आणि कातकऱ्यांतही वाघमारे, पवार, हिलम यांच्या जोडीनं मुकणे आढळतात. पावसाळा सरला की वीटभट्टीवर जाणारा कातकरी मुकणे आणि जयविलास राजवाड्यातले मुकणे यांचं रक्ताचं नातं नुसत्या आडनावावरून जोडता येत नाही.

मग आडनाव आलं कुठून? १८८२ च्या ठाणे गॅझेटियरातल्या हकिगतीनुसार राजघराण्याचा मूळपुरुष जयबा, म्हणजे पौपेरा, याची थळ घाटाजवळ मुकणे इथे मातीची गढी होती. इगतपुरी तालुक्यातलं मुकणे गाव आजही आहे. नाशिक शहराला पाणी पुरवणारं धरण त्याच नावाचं. गावावरून आडनाव पडणं आपल्याकडे नवं नाही.

जयबाला जव्हार कसं मिळालं याची बैलाच्या कातड्याची कथा मात्र इतिहास म्हणून सांगितली जाते, ती जपून ऐकावी. जयबानं कातड्याएवढी जमीन मागितली, होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी अख्खं ठाणं वेढलं. हीच गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या डिडो राणीबद्दल दोन हजार वर्षांपूर्वीपासून सांगतात. कथा सुंदर आहे, जपायलाच हवी. पण ती पुरावा नव्हे.

निमशाह, विक्रमशाह, पतंगशाह या नावांवरून काहींना हे घराणं मुसलमान वाटतं. काहींना नऊ तोफांची सलामी आणि राजवाडा पाहून ते रजपूत असणार असं वाटतं. दोन्ही चूक. हे महादेव कोळी घराणं, आणि महादेव कोळी ही महाराष्ट्रातली अनुसूचित जमात आहे. जयबाच्या मुलाला, निमशाहला, दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपदाची मान्यता मिळाली, तो दिवस ५ जून १३४३ असा गॅझेटियर देतं. त्या दिवसापासून जव्हारनं स्वतःचा शक सुरू केला आणि सरकारी कागदांवर तो वापरला जात होता. आदिवासी राजाचा स्वतःचा शक! आपल्या शाळांत हे शिकवलं जात नाही, याची मला खंत वाटते.

मोखाडाही संस्थानातच होता, असंही अनेकजण धरून चालतात. तो पेटा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूरकडे होता. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणून आज जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके शेजारी शेजारी एकाच पालघर जिल्ह्यात दिसतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज जमातीच्या दाखल्याचा. 'मुकणे आहोत, म्हणजे जमात सिद्ध झाली' असं होत नाही. पवार, चौधरी, जाधव ही आडनावं तर किती जातीजमातींत आहेत! पडताळणी समिती वडील-आजोबांच्या १९५० पूर्वीच्या नोंदी मागते: शाळेचा जुना दाखला, महसुली कागद, वंशावळ. तेव्हा ज्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत पडला असेल, त्यांनी त्याची साक्षांकित प्रत आजच काढून ठेवावी. पाड्यावर वाळवीला फार दिवस लागत नाहीत.